बैलाचा मेंदू, कावळ्याची अक्कल आणि उत्पत्तीचे पहिले पान



जनावराला बुद्धी असते का, हा प्रश्न शहरातल्या माणसाला पडतो. आपल्या वडनेरसारख्या गावात बैलाला नावाने हाक मारली की तो कान टवकारतो आणि धुरकरी बंडीत झोपी गेला तरी जोडी बरोबर घरची वाट धरते. तेथे असा प्रश्न विचारणाऱ्याकडेच लोक जरा संशयाने पाहतील. वर्धा, नागपूर आणि छिंदवाडा हा तर गवळाऊ जातीच्या गोधनाचा मुलूख. चपळ चालीचा हा बैल पूर्वी लष्कराच्या सामानाची ने-आण करी असे सांगतात. त्याला काय कळते आणि काय कळत नाही, हे आपल्या वाडवडिलांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

पण याच प्रश्नाला चिकटून आलेला दुसरा एक प्रश्न आता घराघरांत शिरला आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात, २०१८ साली आलेल्या पुस्तकात, पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. मुले तो शाळेत शिकतात आणि रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारतात, मग आदाम आणि एवा यांचे काय? कोणी त्यांना गप्प बसवतो. कोणी सांगतो, पेपरात लिही, पण खरे मानू नको. या दुसऱ्या उत्तराची आम्हाला अधिक काळजी वाटते. शाळेत एक सत्य आणि चर्चमध्ये दुसरे सत्य, असे ज्या मुलाला आपण शिकवतो ते मोठेपणी दोहोंपैकी एक टाकून देते. आणि बहुधा टाकते ते चर्चमधले. म्हणून आज या विषयाचा थोडा सविस्तर अभ्यास करू या.

मोठे डोके, मोठी अक्कल?

आधी मेंदूची गोष्ट. माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३५० ग्रॅम भरते. बैलाचा मेंदू साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, चिंपांझीचा चारशेच्या थोडा आत, कुत्र्याचा सत्तर ग्रॅमच्या जवळपास. म्हणजे केवळ वजनावर बुद्धी ठरवायची तर बैल चिंपांझीपेक्षा हुशार ठरेल. हत्तीच्या मेंदूचे वजन तर साडेचार-पाच किलो आणि स्पर्म व्हेल या देवमाशाचे जवळजवळ आठ किलो. या हिशेबाने आपण सारे देवमाशाच्या शाळेत शिकायला बसायला हवे!

मग शास्त्रज्ञांनी म्हटले, वजन नको, शरीराच्या मानाने मेंदू किती मोठा ते पाहू. पण त्या मोजमापात घरातला उंदीर माणसाच्या बरोबरीला येऊन बसतो. अलीकडे पेशी मोजण्याची रीत निघाली. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी आहेत. आफ्रिकन हत्तीच्या मेंदूत २०१४ साली त्या मोजल्या, तेव्हा सुमारे २५,७०० कोटी भरल्या, म्हणजे आपल्या तिप्पट. मात्र त्यातील शंभरात अठ्ठ्याण्णव लहान मेंदूत, म्हणजे तोल आणि हालचाली सांभाळणाऱ्या भागात होत्या. विचाराशी ज्याचा जवळचा संबंध आहे त्या वरच्या आवरणात हत्तीच्या पेशी सुमारे ५६० कोटी, तर माणसाच्या सुमारे १६०० कोटी. तेव्हा आकारापेक्षा रचना मोठी, असे आज म्हणता येते.

याचा सर्वांत चांगला साक्षीदार कावळा आहे. त्याचा मेंदू दहा-पंधरा ग्रॅमच्या घरातला. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की पोपट आणि कावळ्यांच्या कुळातील पक्ष्यांच्या मेंदूत, तितक्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूपेक्षा सरासरी दुप्पट पेशी दाटीवाटीने बसवलेल्या असतात. आपण बालवाडीत ऐकलेली तहानलेल्या कावळ्याची गोष्ट २००९ साली केंब्रिजमध्ये प्रत्यक्ष करून पाहिली गेली. रूक जातीच्या कावळ्यांपुढे पाण्याची नळी ठेवली, पाण्यावर तरंगणारी अळी ठेवली, बाजूला खडे ठेवले. कावळ्यांनी खडे टाकून पाणी वर आणले आणि अळी खाल्ली. आणि मोठे खडे घेतले तर काम लवकर होते हेही ते शिकले. मधमाशीचा मेंदू तर जेमतेम एक मिलिग्रॅमचा. तेवढ्यावर ती पोळ्यात नाचून आपल्या बहिणींना सांगते की फुले कोणत्या दिशेला आणि किती दूर आहेत. हे नाच ज्यांनी उलगडले त्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु या बाबतीत भोळेपणाही नको. नंदीवाला दारात येतो, गुबूगुबू वाजवतो आणि विचारतो, यंदा पाऊस येईल का? नंदीबैल मान डोलावतो. घरातली म्हातारी खूश होऊन सुपात धान्य आणते. बैलाला पावसाचे काय कळते? त्याला कळते ते धन्याच्या हाताचे आणि दोरीचे. जर्मनीत शंभर वर्षांपूर्वी असाच एक घोडा होता, हुशार हान्स नावाचा. बेरीज विचारली की तितक्या वेळा तो खूर आपटी. मोठमोठे प्रोफेसर चकित झाले. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की घोडा गणित करीत नव्हता, तो विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आणि मानेचा बारीकसा ताण वाचत होता. यात फसवणूक कोणीच केली नव्हती, खुद्द मालकालाही ते ठाऊक नव्हते. आम्हाला तर वाटते, न कळत दिलेली खूण वाचणे ही काही कमी हुशारी नव्हे. फक्त ती गणिताची नव्हे.

आपल्याच मातीतली दोन डोकी

मेंदू आणि धर्मश्रद्धा यांचा वाद लांब विलायतेत झाला असे आपण समजतो. पण त्याचे धागे आपल्या वर्धा नदीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचतात. १८४५ साली नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे) सुवार्ता सांगत फिरता फिरता दगडही गोळा करीत. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण त्यांच्याबद्दल आदर बाळगायला काही हरकत नाही. या खोऱ्यातील मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली आणि १८५५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले ते रिचर्ड ओवेन यांनी. हेच ओवेन काही वर्षांनी ठासून सांगू लागले की माणसाच्या मेंदूत एक लहानसा भाग असा आहे जो वानराच्या मेंदूत मुळीच नाही, म्हणून माणूस वेगळा. थॉमस हक्सले यांनी वानरांचे मेंदू उघडून दाखवले; तो भाग त्यांच्यातही होता. सारे लंडन या वादावर हसले.

या गोष्टीत आपल्यासाठी शिकण्यासारखे काय आहे? ओवेन यांनी माणसाची थोरवी मांसाच्या एका घडीवर टांगून ठेवली होती. ती घडी वानरात सापडताच टांगलेले सारेच खाली आले. हिस्लॉप मात्र १८६३ साली टाकळघाटजवळ नदी ओलांडताना बुडून वारले, तोवर दगड आणि बायबल दोन्ही जवळ बाळगून होते.

दुसरे डोके नर्मदाकाठचे. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशातील हथनोरा येथे नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरात मानवी कवटीचा वरचा भाग सापडला. भारतात सापडलेला प्राचीन मानवाच्या कवटीचा हा सर्वांत प्रसिद्ध अवशेष. त्याच्या वयाबद्दल आणि जातीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. सोनकियांनी त्याला होमो इरेक्टस म्हटले, नंतरच्यांनी तो आपल्याच अधिक जवळचा ठरवला. कवटीत मेंदूला जागा किती होती, याचा अंदाज ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटर असा केला गेला. म्हणजे आजच्या माणसाच्या पंक्तीला बसेल इतकी.

आणि गंमत अशी की त्याच नर्मदेच्या खोऱ्यात १९३५ साली एक येशूसंघीय फादर दगडी हत्यारे आणि थर पाहत हिंडले होते. ते फादर पियेर तेयार द शार्दँ, फ्रेंच धर्मगुरू आणि भूशास्त्रज्ञ, चीनमधील पेकिंग मानवाच्या संशोधनात भाग घेतलेले. त्यांचे काही धार्मिक विचार ख्रिस्तसभेला मानवले नाहीत. १९६२ साली व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. तरीही २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांचा आदराने उल्लेख केला. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरची लियांग बुआ गुहाही अशीच. तेथे फादर थिओडोर व्हर्होव्हेन या मिशनरी धर्मगुरूंनी १९६५ साली उत्खनन केले होते. त्याच गुहेत २००३ साली जेमतेम चारशे घन सेंटिमीटर मेंदूच्या, पण दगडी हत्यारांच्या सोबतीने राहणाऱ्या ठेंगण्या मानवाची हाडे मिळाली. वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हेदेखील मठातलेच. दहावीच्या त्या धड्याचे अर्धे नाव आपल्याच एका धर्मबंधूने कमावून दिले आहे, हे मुलांना जरूर सांगा.

ख्रिस्तसभा काय सांगते

आपल्या राज्यातच जानेवारी २०१८ मध्ये, त्या वेळच्या औरंगाबादेत, केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, वानराचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कधी पाहिले नाही, असे विधान केले. देशातील विज्ञान अकादमींनी त्याला जाहीर विरोध केला. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याचे उघड झाले, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी पत्र लिहिले. म्हणजे ही अडचण केवळ ख्रिस्ती लोकांची नाही. आणि उत्क्रांतीशास्त्रही आजचा वानर उद्या माणूस होतो असे म्हणत नाही. आजचा चिंपांझी आणि आजचा माणूस यांचा पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एक होता, एवढेच ते म्हणते. चुलत भावाला कोणी आजोबा म्हणत नाही.

बसस्टँडवर वा बाजारात कधी कधी पत्रके हाती येतात. त्यात पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे आणि जो हे मानत नाही तो बायबल मानत नाही, असे लिहिलेले असते. ही कॅथोलिक शिकवण नव्हे. पोप पायस बारावे यांनी १२ ऑगस्ट १९५० च्या 'ह्युमानी जेनेरिस' या विश्वपत्रात सांगितले की माणसाचे शरीर आधीच्या सजीवांपासून घडले असेल का, याचा तज्ज्ञांनी अभ्यास करण्यास ख्रिस्तसभेची मनाई नाही. आत्मा मात्र प्रत्यक्ष परमेश्वर निर्माण करतो, हे श्रद्धेने धरून ठेवले पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ ऑक्टोबर १९९६ रोजी आणखी पुढे जाऊन उत्क्रांतीला केवळ तर्काहून अधिक बळ मिळाले असल्याचे मान्य केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली देव काही जादूची कांडी फिरवणारा नाही, असे वैज्ञानिकांपुढे सांगितले. संपूर्ण मानवजात एकाच जोडप्यापासून आली का, आणि तसे नसेल तर आदिपापाची शिकवण कशी समजावी, हा कठीण भाग अजून ईशज्ञानींच्या चर्चेत आहे. त्यावर घाईने बोलू नये.

याहूनही जुना एक सल्ला आहे. संत ऑगस्टीन यांनी दीड हजार वर्षांपूर्वी उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना बजावले होते की आकाश आणि प्राणी यांविषयी ज्यांना चांगले ठाऊक आहे अशा अन्यधर्मीयांपुढे ख्रिस्ती माणसाने बायबलच्या नावावर भलतेच बोलू नये; लोक हसतील, आणि मग पुनरुत्थानाविषयी आपण सांगतो तेही ते ऐकणार नाहीत.

आता पवित्र शास्त्र उघडू या

घरी उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय पुन्हा वाचा आणि एक गोष्ट लक्षात घ्या. गुरेढोरे आणि माणूस एकाच दिवशी, सहाव्या दिवशी निर्माण झाले आहेत. माणसासाठी देवाने वेगळा दिवस राखून ठेवला नाही! माणूस मातीपासून घडला असे दुसरा अध्याय सांगतो, आणि थोडे पुढे पशुपक्षीही मातीपासूनच घडल्याचे सांगतो. माणूस 'जिवंत प्राणी' झाला यासाठी जे हिब्रू शब्द आहेत, 'नेफेश हय्या', तेच शब्द पहिल्या अध्यायात मासे आणि पशूंसाठी आले आहेत. भाषांतरात ते वेगवेगळे होतात, म्हणून आपल्या नजरेतून सुटतात. उपदेशक तिसऱ्या अध्यायात तर माणूस आणि पशू यांचा श्वास एकच, मरणही एकच, असे स्पष्टच लिहून टाकतो. उत्क्रांतीचे शास्त्र आपल्याला प्राण्यांचे नातलग म्हणते म्हणून ज्यांना राग येतो त्यांनी बायबलवरही थोडे रागवायला हवे.

जनावरांच्या अकलेबद्दलही शास्त्र कंजूष नाही. नीतिसूत्रे आळशाला मुंगीच्या शाळेत धाडते. (एरिक वास्मान नावाच्या येशूसंघीय फादरांनी आपले आयुष्य खरोखरच मुंग्यांच्या अभ्यासात घालवले.) यशया पहिल्याच अध्यायात म्हणतो की बैल आपल्या धन्याला ओळखतो, इस्राएल मात्र ओळखत नाही. बलामाच्या गाढवीला देवदूत दिसतो, संदेष्टा म्हणवणाऱ्याला दिसत नाही. ईयोबाच्या पुस्तकात शहामृगीला मात्र देवाने शहाणपण दिले नाही असे आहे, तेव्हा सरसकट कौतुकही नाही.

मग माणूस वेगळा कशात? देवाच्या प्रतिरूपात. आणि येथे आमचे ठाम मत आहे की 'प्रतिरूप' याचा अर्थ 'हुशारी' असा केला की घात होतो. त्या काळी मिसर आणि बाबेल या देशांत राजाला देवाचे प्रतिरूप म्हणत. उत्पत्तीने तो मान राजाकडून काढून प्रत्येक स्त्री-पुरुषाला दिला. परीक्षा घेऊन नाही, डोके मोजून नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी प्राण्यांना संवेदना, स्मृती आणि बरे-वाईट ओळखण्याची शक्ती आहे हे मान्य केले होते; लांडगा पाहून मेंढी पळते ती विचाराविना नव्हे, एका प्रकारच्या जाणिवेने, असे ते म्हणत. पण ज्या आत्म्यामुळे माणूस सत्य शोधतो आणि देवाला 'बापा' म्हणतो, तो तराजूत येत नाही.

तो तराजूत आणण्याचा हट्ट ज्यांनी धरला त्यांनी काय केले ते आपल्या विदर्भाला नव्याने सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात युरोपात कवट्यांत दाणे भरभरून मोजल्या गेल्या आणि काळे, गोरे, स्त्रिया यांच्या पायऱ्या लावल्या गेल्या. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने जाती-जमातींची नाके आणि डोकी मोजून उच्च-नीच ठरवले. त्याचा ग्रंथ १८९१ साली निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात अशाच मोजमापांचे आकडे हाती घेऊन त्यांतूनच दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. आणि मेंदूच्या वजनाचेच म्हणाल तर रशियन लेखक तुर्गेनेव्ह यांचा मेंदू दोन किलोंचा भरला, आणि नोबेल मिळालेले अनातोल फ्रान्स यांचा जेमतेम एक किलोचा.

हे सारे आम्ही एवढ्या लांबणीने लिहिले त्याचे खरे कारण वेगळे आहे. आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत जिथे एखादे मूल जन्मतः मतिमंद आहे, बोलत नाही, शाळेत जात नाही. अशी घरे आहेत जिथे आजी आता स्वतःच्या मुलालाही ओळखत नाही. तल्लख चिंपांझी यांच्यापेक्षा जास्त कोडी सोडवील, हे खरे आहे आणि ते नाकारून उपयोग नाही. बुद्धी हीच जर माणसाची किंमत असेल, तर या घरांना आपण काय सांगणार? पण बाप्तिस्म्याच्या वेळी त्या लेकराच्या कपाळावर जे पाणी पडले ते तुमच्या-आमच्या कपाळावरच्या पाण्यापेक्षा पातळ नव्हते. अशा मुलांना पहिल्या कम्युनिअनला आणायला काही आईबाप संकोचतात, इतर लोक वळून पाहतात म्हणून. त्यांनी संकोचू नये, आणि वळून पाहणाऱ्यांनी समोर वेदीकडे पाहावे.

राहता राहिला बैल. मोशेच्या नियमशास्त्रात त्याला आठवड्यातून एक दिवस विसावा आहे आणि मळणीच्या वेळी त्याच्या तोंडाला मुसके बांधायला मनाई आहे. आपल्याकडे त्याचा सण वर्षातून एकदा. निनवे नगरीची दया देवाला आली तेव्हा तेथील पुष्कळ गुराढोरांचाही हिशेब त्याने योनाला सांगितला. आपल्या धर्मशिक्षण ग्रंथात प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे म्हटले आहे; आणि माणसाच्या गरजेचा पैसा प्राण्यांच्या लाडावर उधळणेही शोभत नाही, असेही त्याच ठिकाणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यती बंद केल्या होत्या, मे २०२३ मध्ये अटींसह त्यांना वाट मोकळी झाली. शंकरपटाला जाणाऱ्या आपल्या तरुणांनी त्या अटी वाचून जावे. पराणीची आर टोचल्यावर बैलाला काय वाटते हे समजायला मेंदूचे वजन माहीत असण्याची गरज नाही.

पुढील रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय आणि दहावीचा तो धडा शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे योजिले आहे. दहावीच्या मुला-मुलींनी विज्ञानाचे पुस्तक आणि बायबल दोन्ही सोबत आणावे. आईवडील आले तर अधिक बरे.